भिंतीचा मान

दिल्लीच्या एका समितीने देशातल्या कम्युनिकेशन डिझाइनर लोकांची सूची करायला घेतली, तेव्हा तिच्या पश्चिम विभागात माझी वर्णी लागली. पोस्टर, पाकिटं, बोधचिन्हं, पाट्या, थोडक्यात अक्षर आणि चित्र यांतून माणसाला काही कळवण्याचं काम कोण कुठे करतं ते शोधायचं, आणि त्या कामाने लोकांच्या जगण्यात काय फरक पडला तेही लिहायचं. माझं सारं आयुष्य मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत अक्षरं रेखण्यात चाललेलं. तेव्हा हे काम मला मनापासून आवडलं होतं.

समितीच्या खोलीत भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर सापडलेल्या एकेका डिझाइनरची एकेक रंगीत टाचणी. मुंबईत, माझी टाचणी धरून, इतकी गर्दी झाली होती की काही टाचण्या समुद्रात टोचाव्या लागल्या होत्या. दिल्ली भरलेली, अहमदाबाद भरलेलं, पुण्यात बऱ्यापैकी. नाशिकच्या पुढे मात्र थेट नागपूरपर्यंत शुकशुकाट. मी विचारलं, खानदेशात एकही टाचणी कशी नाही? अध्यक्ष मोठे गृहस्थ, बोलायला गोड. ते म्हणाले, "तिथे पेंटर असतील बाई. डिझाइनर नसतील."

मी सांगलीची. आमच्याकडे असं कुणी गोड बोलून बाजूला सारलं की माणूस जागचा हलत नाही. मी त्यांना विचारलं, आपण पाहून आलात का? ते नाशिकच्या पुढे कधी गेले नव्हते. मग मी जाते, म्हटलं. त्यांनी हसून मान डोलावली, आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की त्याच आठवड्यात रजा टाकली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, महिना डिसेंबरचा होता, आणि माझ्याजवळ समितीचे छापील फॉर्म, एक कॅमेरा आणि पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला एक नकाशा एवढंच सामान होतं.

चाळीसगाव ते धुळे

चाळीसगावला मुख्य गाडी सोडून धुळ्याच्या छोट्या गाडीत बसायचं असतं. ही गाडी कुणाला घाई नसल्यासारखी जाते. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, मध्येच एखादं हिरवं केळीचं वावर, आणि उन्हाला डिसेंबर असल्याची जाणीवच नाही. समोर एक म्हातारी भाजीची रिकामी टोपली घेऊन बसली होती. तिचा डोळा माझ्या नळकांड्यावर. शेवटी न राहवून तिने विचारलंच, यात काय आहे? नकाशा, मी म्हटलं. ती सावरून बसली.

"कोना वावरना शे?"

मी सांगितलं, कुणाच्या वावराचा नाही, देशाचा आहे. तिला ते पटलं नाही. नकाशा म्हणजे मोजणी, आणि मोजणी आली की कुणाचा तरी बांध सरकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या चारपाच दिवसांत गावोगाव माझं हेच झालं. मी नळकांडं काढलं की लोक आधी जमिनीचे कागद शोधायला घरात जात. समितीच्या लोकांनी नकाशाकडे कधी असं घाबरून पाहिलं असतं तर फार बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

धुळे

धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नवख्या माणसाला हे फार सोयीचं. पत्ता विचारत रेंगाळायला नको, आकडे मोजत चालायचं. मी दोन दिवस अशा आकड्यांतून हिंडले. दुकानांच्या पाट्या पाहिल्या, लग्नपत्रिका छापणारे पाहिले, आग्रा रोडला ट्रकांच्या पाठी रंगवणारे पाहिले. सोनगीरपर्यंत जाऊन किल्ल्याखालच्या धाब्यावर शेवभाजी खाल्ली आणि नाकातोंडातून पाणी काढलं. तिखटाचा अभिमान आम्हा सांगलीकरांनाही आहे, पण इथलं तिखट जेवताना गप्प राहतं आणि पाणी प्यायल्यावर बोलू लागतं. धाब्यावरच्या ड्रायव्हरने माझी अवस्था पाहून न मागता गुळाचा खडा आणून दिला.

प्रत्येकाला विचारत होते, इथे सगळ्यात चांगलं अक्षर कुणाचं? उत्तर एकच येत होतं: सुकदेव पेंटर.

सुकदेवभाऊंचं दुकान म्हणजे एका सायकलवाल्याच्या शेजारची चिंचोळी पडवी. माणूस पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशात कंगव्याऐवजी ब्रश. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिची चौकट त्यांनी स्वतः रंगवलेली. मी समितीचा फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि मग हळूहळू प्रश्नांची उत्तरं दिली. शिक्षण कोणत्या संस्थेत? वडिलांच्या हाताखाली, बैलगाड्यांच्या साट्या रंगवत. पुरस्कार? एकदा एका लग्नात फेटा बांधला होता. प्रमुख ग्राहक? बियाण्यांची एक कंपनी, जळगावला तिची शाखा. धुळ्यापासून पार जळगावपर्यंतच्या वाटेवरच्या भिंती तेच रंगवत होते. घरचं पोट त्याच कामावर चालतं, असं त्यांनी साधेपणाने सांगितलं.

मग फॉर्म परत देत ते म्हणाले, "ताई, या कागदावर मी मावत नाही असं दिसतंय. उद्या भिंती दाखवतो."

पारोळ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने निघालो आणि पारोळ्याच्या अलीकडे एका गावी उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नावं उघड करून मी काय घोटाळा केला ते पुढे येईलच. थांब्यासमोर एक घर, आणि घराच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात. पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं. मी पुष्कळ अक्षरं पाहिली आहेत, पण चालत्या गाडीतून वाचायचं अक्षर कसं बेतावं हे त्या भिंतीला जेवढं कळलं होतं तेवढं मला कळत नव्हतं. वळणाकडून येणाऱ्याला जवळची अक्षरं मोठी आणि दूरची लहान दिसतात, म्हणून सुकदेवभाऊंनी पलीकडच्या टोकाची अक्षरं, पाहणाऱ्याला कळू न देता, रुंद करत नेली होती. मी टेप लावून मोजलं तेव्हा ते लाजले.

पण खरी गोष्ट खाली होती. भिंतीच्या तळाशी हातभर उंचीचा पांढरा पट्टा सोडलेला, आणि त्यात चित्रांची रांग. केळीचा घड, त्यापुढे घड्याळाची तबकडी. किल्ल्याचा बुरूज, पुढे तबकडी. आगगाडी, तबकडी. लाल फुली, तबकडी. शेवटी बाजाराची टोपली आणि तिला लागून इंजेक्शनची सुई.

हे एस.टी.चं वेळापत्रक होतं. केळी म्हणजे जळगावची गाडी, बुरूज म्हणजे किल्ल्याचं पारोळा, आगगाडी म्हणजे चाळीसगाव. लाल फुली म्हणजे धुळे, कारण इथल्या बायका धुळ्याला मोठ्या दवाखान्याखेरीज कशालाही जात नाहीत. टोपली आणि सुई म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाई लस टोचायला येते. अक्षर एकही नाही.

सुकदेवभाऊंनी रीत समजावून सांगितली. भिंत रंगवायला मागायची तर घरातल्या बाईला काहीतरी मान द्यावा लागतो. त्यांच्या वडिलांच्या वेळी तुळस नाहीतर मोर काढून देत. पुढे कधीतरी एका बाईने म्हटलं, मोर नको, गाडी केव्हा येते ते काढ. तेव्हापासून सगळ्याच भिंती तेच मागू लागल्या. चित्रं कोणती काढायची ते बायाच ठरवत. जळगाव सोन्याचं गाव म्हणून सुकदेवभाऊंनी आधी त्या गाडीपुढे चपलाहार काढला होता. तर एका घरची माणसं लग्नाचे दागिने घ्यायचे नव्हते म्हणून ती गाडी सोडून देत आणि दुपारच्या गाडीची वाट पाहत बसत. बायांनी बसून ठरवलं आणि हार पुसून केळी आली. मी हसू लागले. वापरणाऱ्यांना कळतं का ते पाहून चित्र बदलायचं, आमच्या कंपनीत याच गोष्टीला मोठं इंग्रजी नाव आहे, आणि ती करायला परदेशातून माणूस येतो.

घराची मालकीण यशोदाअक्का. साठीच्या आसपास, बांधा ठेंगणा, बोलणं तोलून. तिने आम्हाला जेवायला बसवलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. आमच्याकडे भरितात दही पडतं; हे मी बोलून गेले, तर अक्काने माझ्याकडे अशा काही कीवेने पाहिलं की पुढे मी दह्याचं नाव काढलं नाही. तिची सून तीन महिन्यांच्या लेकराला घेऊन शेजारी बसली होती. बाळंतपण अडलं तेव्हा घरात पुरुष नव्हता. लाल फुली पाहून त्या दोघी धुळ्याच्या गाडीत बसल्या आणि वेळेत पोचल्या. अक्काने हे मीठ वाढता वाढता सांगितलं.

निघताना मी कॅमेरा काढला. सुकदेवभाऊ म्हणाले, "फोटो काढा ताई, पण तळाचा हातभर सोडून काढा."

कंपनीचा माणूसही तसाच फोटो नेतो, असं ते पुढे म्हणाले. मला वाटलं, विनय असेल. मी विचारलं नाही. मी पट्ट्याचाही फोटो काढला.

जळगाव

जळगावला त्या बियाण्यांच्या कंपनीच्या शाखेत गेले. भिंतींचं काम देणारा कोण, ते फॉर्मवर लिहायचं होतं. तिथले मॅनेजर तरुण, हुशार, वागायला नीट. त्यांनी चहा मागवला आणि गावोगाव आमचं नाव कसं पोचलं ते सांगू लागले. नंतर म्हणाले, पेंटर काय, सांगू तसं काढतो. डोकं मुंबईच्या ऑफिसचं.

इथे माझं डोकं फिरलं. वाद जिंकायची मला जुनी खोड आहे आणि तिने आजवर माझं भलं केलेलं नाही. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की तुमच्या जाहिरातीपुढे लोक थांबतात ते तुमच्या बियाण्यासाठी नव्हे, तळाच्या पट्ट्यासाठी. आणि केळी, बुरूज, लाल फुली, सगळं सांगितलं. भिंतीचा मान सांगितला. गाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला तसा मला अधिकच चेव आला.

माझं संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या पैशाची भिंत, आमचा रंग, आणि वेळापत्रक एस.टी.चं?"

तळाचा हातभर सोडून म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी सारवासारव करू लागले, यात कंपनीचाच फायदा आहे, वगैरे. ते म्हणाले, नियम आहे, पूर्ण भिंत कंपनीची हवी. उद्या मी स्वतः जाऊन पाहतो. माझ्यासमोर त्यांनी धुळ्याला फोन लावला आणि सायकलवाल्याकडे निरोप ठेवला, की सुकदेवने चुना घेऊन सकाळी त्या गावी हजर राहावं. न आला तर काम दुसऱ्याला.

मी लॉजवर जाऊन पडले. स्वतःची इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. ज्या माणसाला डिझाइनर ठरवायला मी एवढी वणवण करत आले, त्याच्याच पोटावर मी पाय दिला होता.

पुन्हा त्याच भिंतीशी

सकाळी मॅनेजरच्या जीपमध्ये मीही बसले. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण उतरवलंही नाही. पोचलो तेव्हा सुकदेवभाऊ चुन्याची बादली घेऊन भिंतीशी उभे होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, मी बोलून बसले. चूक माझी आहे."

"हो," ते म्हणाले. तेवढंच.

मॅनेजरने पट्ट्याकडे बोट दाखवून चुना मारायला सांगितलं. सुकदेवभाऊंनी बादली ढवळली. तेवढ्यात अक्का दारातून बाहेर आली, काय चाललंय ते विचारून घेतलं, आणि पट्ट्यासमोर येऊन खाली बसली, नेहमी गाडीची वाट पाहत बसते तशी. आजूबाजूच्या चारपाच बाया आल्या. त्याही बसल्या. पट्टा दिसेनासा झाला.

मॅनेजर समजुतीने बोलले. रंग कंपनीचा आहे, भिंत रंगवण्याचा करार आहे, सरकारी वेळापत्रक लावायला थांबा आहे. अक्काने सगळं ऐकून घेतलं.

"रंग तुमना व्हई, साहेब. भिंत मनी शे," ती म्हणाली. "तुमनं नाव वाचीसन कोनले गाडी भेटनी का?"

बाया हसल्या. मॅनेजर हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. माणूस हुशार होता असं म्हटलंच आहे. त्यांनी लगेच दुसरी वाट काढली: पट्टा राहू दे, पण त्याच्यावर कंपनीचं चिन्ह टाकू, खाली लिहू की ही सेवा आमच्यातर्फे. मला क्षणभर हायसं वाटलं. सुकदेवभाऊंचं काम वाचत होतं. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात अक्काला हो म्हण, हो म्हण असं विनवत होते.

अक्काने सुनेकडे पाहिलं. ते लेकरू तिच्या कडेवर होतं. मग ती उठली आणि पदर खोचला.

"आमन्या बायास्नी ठरायेल शे हाई. तुमन्या कंपनीनी नही," ती म्हणाली. "पुसनं शे तं बठ्ठं पुसा. तुमनं नाव बी पुसा."

मॅनेजर सुकदेवभाऊंकडे वळले. आता बोलायची पाळी त्यांची होती. त्या भिंतीसारख्या किती भिंती त्या वाटेवर होत्या, आणि त्या साऱ्या या एका माणसाच्या शब्दावर जाणार होत्या, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी मोठा कुंचला चुन्यात बुडवला, शिडी भिंतीला लावली, वर चढले, आणि अगदी वरून, कंपनीच्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून पुसायला सुरुवात केली.

मॅनेजर जीपमध्ये बसून निघून गेले. त्या वाटेवरचं काम पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याला गेलं. ते सुकदेवभाऊंना त्या सकाळीच ठाऊक होतं. मी विचारलं, आता कसं? ते शिडीवरून म्हणाले, ट्रक आहेत, दुकानं आहेत, आणि माझा बाप साट्या रंगवायचा तेव्हा कुठे कंपनी होती. आवाजात फुशारकी नव्हती. भीती होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

चुना वाळायला दुपार झाली. अक्काने आता पूर्ण भिंत मागितली. मोठ्या अंगाची केळी, मोठा बुरूज, मोठी फुली. सुकदेवभाऊंनी निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणून झटका दिला, भिंतीवर सरळ रेघा उमटल्या. मग त्यांनी खिशातला ब्रश काढून माझ्यापुढे धरला.

"फुली तुम्ही काढा," ते म्हणाले.

ही माफी होती की शिक्षा, मला आजही सांगता येणार नाही. मी मन लावून फुली काढली. दोन्ही बाहू सारखे, कडा धारदार, भोवती मोकळी जागा, सगळं शास्त्राप्रमाणे. अक्का रस्ता ओलांडून पलीकडे गेली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि परत आली.

"दिसत नही."

पुसून पुन्हा काढली, जाड. ती पुन्हा पलीकडे गेली. आली आणि म्हणाली, ही तर दुकानाच्या पाटीसारखी दिसते, दवाखान्यासारखी नाही. मी विचारलं, दवाखान्यासारखी म्हणजे कशी? तर सून पुढे झाली. तिने सांगितलं, कळा येत असताना डोळ्यांपुढे सगळं हलतं, तेव्हा काठ बारीक असले की ते पाझरल्यासारखे दिसतात. फुली ठोकळ्यासारखी हवी आणि तबकडीचा लहान काटा मोठ्याइतकाच जाड हवा. इतक्या वर्षांत मला कुठल्या ग्राहकाने इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्यांदा काढली. अक्का पलीकडे जाऊन उभी राहिली, परत आली, आणि चहा टाकायला आत गेली.

मुंबईला परतल्यावर समितीला सगळं लिहून पाठवलं. अध्यक्षांचं गोड पत्र आलं. सुकदेव पेंटर यांना सूचीच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत लोककलाकार म्हणून घेऊ. बायांचा प्रश्न येत नाही, त्या वापरणाऱ्या आहेत, करणाऱ्या नव्हेत. आणि माझं नाव अर्थातच मुख्य यादीत राहील. मी त्याच दिवशी उत्तर धाडलं. सुकदेवभाऊंचं नाव लिहिलं, यशोदाअक्काचं लिहिलं, तिच्या सुनेचं लिहिलं आणि त्या दिवशी भिंतीशी बसलेल्या बायांची नावं एकेक करून लिहिली. खाली लिहिलं, या लोकांनी माझं काम दोनदा नापास केलं आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. ते मुख्य यादीत नसतील तर माझं नाव खोडा. त्यांनी ते खोडलं.